अकरणाचा प्रत्यवाय

मृग नक्षत्र लागायला आठवडा उरला असताना माझ्या पुतणीच्या चार वर्षांच्या मुलाला दम्याचा जोर झाला आणि त्याला मुंबईतल्या एका रुग्णालयात दाखल करावे लागले. तीन रात्री त्याने नाकातोंडावर वाफेचा मास्क धरून काढल्या. चौथ्या दिवशी सकाळी बरगड्यांची ओढ थांबली, त्याने आपण होऊन बिस्किट मागितले, आणि दुपारी त्याला घरी सोडण्याचे ठरले. त्या दुपारचा अर्धा तास मला अजून खाटेच्या लोखंडी कठड्यासकट दिसतो. सिस्टरने मनगटातली सुई काढून त्या जागी कापूस दाबून धरला. निवासी डॉक्टरांनी डिस्चार्ज कार्डावर औषधांची यादी लिहिली, नळकांडे लावून पंप कसा ओढवायचा ते पुतणीला दोनदा करून दाखविले, आणि आठ दिवसांनी दाखवायला आणण्याची तारीख घालून खाली सही केली. कारकुनाने हिशेब चुकता करून घेतला. ज्याने त्याने आपले काम चोख बजाविले. पावसाळा तोंडावर आला आहे, दम्याच्या मुलाचा इन्फ्लुएंझा पाहतापाहता छातीत उतरतो, तेव्हा याला यंदाची लस टोचली आहे काय, एवढे मात्र कोणी विचारले नाही. आम्हीही विचारले नाही. ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यात तो मुलगा पुन्हा त्याच इमारतीत होता, या खेपेस अतिदक्षता विभागात, आणि त्याच्या घशातल्या स्रावाच्या तपासणीत इन्फ्लुएंझा निघाला होता.

मुलगा वाचला, आणि आज तो अंगणात धावतो आहे, हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे वाचकाचे मन त्याच्या खाटेपाशी अडकून राहणार नाही. लस दिली असती तर ते दुखणे टळलेच असते, असेही मी म्हणणार नाही. ज्या साली लशीचा आणि साथीच्या विषाणूचा मेळ चांगला बसतो त्या साली देखील ही लस आजाराचा संभव साधारणतः ४० ते ६० टक्क्यांनी कमी करते, तो नाहीसा करीत नाही. परंतु अतिदक्षता विभागाबाहेरच्या बाकावर बसून काढलेल्या रात्रींत एका प्रश्नाने मला जे घेरले, ते त्यानंतर सोडलेले नाही. त्या दुपारी कोणीही काही वाईट केले नव्हते. कोणाचा हात चुकला नव्हता, कोणाचे औषध चुकले नव्हते. जे घडले ते केवळ न केल्यामुळे घडले, किंवा घडले असण्याचा संभव होता. मग न करण्यालाही फळ असते काय, आणि असल्यास ते कोणाच्या पदरी बांधावे?

हा प्रश्न आपल्या शास्त्रकारांना नवा नाही. मीमांसकांनी कर्माचे जे वर्गीकरण केले, आणि जे पुढे सदानंदाच्या वेदान्तसारासारख्या लहानशा प्रकरणग्रंथातही विद्यार्थ्याला पहिल्याच पाठात भेटते, त्यात काम्य, नित्य आणि नैमित्तिक असे भेद सांगितलेले आहेत. काम्य कर्म इच्छेवर अवलंबून. स्वर्ग हवा असेल त्याने यज्ञ करावा, नको असेल त्याने न करावा, न करणाऱ्याला दोष नाही. नित्य कर्माची गोष्ट वेगळी. संध्यावंदन केल्याने काही विशेष लाभ पदरात पडतो असे नव्हे, पण ते न केल्यास दोष लागतो, आणि या दोषाला शास्त्राने प्रत्यवाय हे नाव दिले. नैमित्तिक कर्म हे त्या दोहोंच्या मधले वाटले तरी वृत्तीने नित्याच्या बाजूचे: ते रोजचे नसते, परंतु निमित्त उत्पन्न झाले की ते टाळता येत नाही. पुत्र जन्मला की जातेष्टी, ग्रहण लागले की स्नान. ग्रहण लागले असता स्नान करावे की न करावे याचा विचार करीत कोणी घाटावर बसत नाही. निमित्त हाच हुकूम असतो.

यावर शंकराचार्यांनी जो आक्षेप घेतला तो मला तर्काच्या दृष्टीने फार मोलाचा वाटतो. गीतेच्या आणि तैत्तिरीय उपनिषदाच्या भाष्यांत त्यांनी असे विचारले आहे की न करणे हा तर अभाव. आणि अभावातून प्रत्यवायासारखे भावरूप फळ उत्पन्न होईल कसे? शून्यातून काही उपजत नाही. हा आक्षेप आमच्या वॉर्डात आणून ठेवला, तर तो अगदी चपखल बसतो. शीतपेटीत पडून राहिलेल्या लशीच्या कुपीतून कोणाला ताप येत नाही. ताप येतो तो विषाणूमुळे. मुलाच्या फुप्फुसाला सूज आणली ती विषाणूने, डॉक्टरांच्या विस्मरणाने नव्हे. मग आपण कोणत्या न्यायाने त्या विस्मरणाला कारण म्हणावे?

उत्तराचा धागाही मला त्याच भाष्यकाराकडे सापडतो. गीतेच्या चौथ्या अध्यायात अकर्मात कर्म पाहणाऱ्याला बुद्धिमान म्हटले आहे, आणि त्या ठिकाणी आचार्य सांगतात की निवृत्ती हीदेखील कर्त्याच्या अधीन असते. ‘मी काही न करता स्वस्थ बसलो आहे’ असा अभिमान जो वाहतो, त्याचे ते स्वस्थ बसणेही कर्मच होय. म्हणजे जगात निव्वळ ‘न करणे’ असे फारसे नसतेच. ज्याला आपण न करणे म्हणतो, तेथे नीट पाहिले तर कोणीतरी काहीतरी केलेले दिसते. त्या दुपारी आमच्या खाटेपाशी पोकळी नव्हती. तेथे एक यादी होती, ती अमुक ओळीपाशी संपली आहे असा निर्णय होता, आणि त्या निर्णयाखाली सही होती. लस न देणे हा अभाव असेल, परंतु लशीवाचून यादी बंद करणे ही सहीशिक्क्याची कृती आहे. तिची जबाबदारी कोणत्याही कृतीइतकीच आहे, आणि यादी हातात घेऊन ‘झाले ना सगळे?’ असे म्हणत पिशवी उचलणाऱ्या आम्हां घरच्यांचाही तिच्यात वाटा आहे.

तथापि दोष वाटून देण्यापूर्वी आणखी एक गोष्ट पाहिली पाहिजे, आणि ती म्हणजे अधिकार. मीमांसकांच्या मते विधी सर्वांना सारखा लागू पडत नाही. ज्याला फळाची आस आहे, ज्याच्या अंगी ते कर्म करण्याचे सामर्थ्य आहे, आणि ज्याला त्याचे ज्ञान आहे, तोच अधिकारी. अर्थित्व, सामर्थ्य आणि विद्वत्ता या तीन गोष्टी जेथे एकत्र येत नाहीत, तेथे न करण्याचा प्रत्यवायही नाही.

ही कसोटी इतिहासाला लावून पाहावी. १० जून १९१८ रोजी मुंबईत पोलीस खात्यातले सात शिपाई तापाने आजारी पडून रुग्णालयात दाखल झाले. त्यांतल्या एकाची नेमणूक गोदीवर होती. महायुद्धाची जहाजे त्या गोदीला लागत होती. उन्हाळ्याअखेरची ती लाट त्या मानाने सौम्य गेली, पण पावसाळा सरतासरता साथ परतली, आणि ६ ऑक्टोबर रोजी एका दिवसात या एका शहरात ७६८ मृत्यूंची नोंद झाली. सबंध हिंदुस्थानात सव्वा कोटीहून अधिक माणसे गेली असावीत असा अंदाज आहे. माणसाला होणाऱ्या इन्फ्लुएंझाचा विषाणू हाती लागला तो १९३३ साली, आणि त्यावरची लस सामान्य नागरिकांना मिळू लागली ती दुसरे महायुद्ध संपता संपता. तेव्हा १९१८ च्या वैद्यांना, परिचारिकांना आणि आयांना अर्थित्व होते, पण सामर्थ्यही नव्हते आणि विद्वत्ताही नव्हती. त्यांना आपण कोणत्याही न्यायासनापुढे उभे करू शकत नाही.

उलट, सामर्थ्य नसतानाही माणसे काय करीत, याचे स्मरण ठेवणे आपल्याला हितावह आहे. १८९७ च्या प्लेगात मुंढव्याहून एका प्लेगग्रस्त मुलाला पाठीवर घेऊन सावित्रीबाई फुले आपल्या मुलाच्या, डॉ. यशवंतरावांच्या, उपचारकेंद्राकडे निघाल्या, त्या वेळी त्यांच्याजवळ ना कुपी होती ना सुई. होती ती पाठ. ती त्यांनी दिली. तोच संसर्ग त्यांना जडला आणि १० मार्च १८९७ रोजी त्या गेल्या. ज्या महाराष्ट्रात रोगी मुलाला वाचविण्यासाठी एका वृद्ध स्त्रीने असे मोल मोजले, त्या महाराष्ट्रात आज अर्ध्या मिलिलिटर द्रवाचे काम ‘आमच्या खात्याचे नाही’ म्हणून राहून जात असेल, तर शास्त्रार्थाची गरज संपते आणि लाज वाटण्याची वेळ येते.

आज अधिकाराची तिन्ही अंगे कोठे एकत्र येतात ते पाहा. घरी बसलेल्या आईला अर्थित्व आहे. लेकराचे बरे व्हावे याहून मोठी आस कोणती? पण या लशीचे ज्ञान तिला बहुधा नसते, आणि सामर्थ्याचे म्हणाल तर ही लस सरकारच्या सार्वत्रिक लसीकरण कार्यक्रमात नाही, खाजगीत तिला हजाराहून अधिक रुपये पडतात, आणि त्यासाठी एका दिवसाची मजुरी बुडवून दवाखाना गाठावा लागतो. याच्या उलट रुग्णालयात काय काय आहे? तेथे शीतपेटी आहे, जिच्यात लस दोन ते आठ अंश सेल्सिअस तापमानावर राहते. तेथे तालीम झालेला हात आहे. तेथे केसपेपर आहे, आणि त्या केसपेपरवर हे मूल दम्याचे आहे की जन्मजात हृदयविकाराचे, मूत्रपिंडाच्या आजाराचे आहे की मधुमेहाचे, हे आधीच लिहिलेले आहे. म्हणजे इन्फ्लुएंझाने ज्यांची दशा सर्वांत वाईट व्हायची ती मुले कोणती, हे हुडकण्यासाठी गावोगाव हिंडण्याचे कारण नाही, ती आपल्या पायांनी, किंवा आईच्या कडेवर बसून, दारात आलेली आहेत. अर्थित्व, सामर्थ्य आणि विद्वत्ता यांचा असा संगम दुसरीकडे क्वचितच होत असेल. म्हणून माझे म्हणणे असे की रुग्णालयात दाखल होणे हेच निमित्त मानावे, आणि इन्फ्लुएंझाची लस काम्य कर्मांच्या यादीतून काढून नैमित्तिकांच्या यादीत घालावी. ज्याची इच्छा असेल त्याने मागून घ्यावी, हा आजचा शिरस्ता. पात्र मूल आले आहे, त्याअर्थी विचारणे आणि देणे आलेच, हा उद्याचा शिरस्ता व्हावा.

या कर्माची इतिकर्तव्यता अवघड नाही, पण ती नेमकी माहीत असली पाहिजे. लस सहा महिने पुरी झालेल्या बाळापासून पुढे देता येते. त्याहून लहान बाळाला ती चालत नाही, म्हणून त्याच्या भोवतालच्या माणसांनी ती घेणे हेच त्याचे कवच. नऊ वर्षांखालच्या मुलाला ती पहिल्यांदाच टोचायची असेल, तर चार आठवड्यांच्या अंतराने दोन मात्रा लागतात. टोचल्यानंतर रक्षण अंगी बाणायला दोनेक आठवडे जातात. आपल्याकडे साथीचा मोठा जोर पावसाळ्यात असतो, म्हणून मृगाच्या आधी ती घेतलेली बरी. मूल तीव्र तापात असेल, श्वासासाठी झगडत असेल, तेव्हा थांबावे. पण ते सावरले, घरी जायला निघाले, की तो दिवस या कामासाठी उत्तम, आणि किरकोळ सर्दीपडसे ही आडकाठी नव्हे. भारतीय बालरोगतज्ज्ञांच्या अकादमीनेही सहा महिने ते पाच वर्षे वयाच्या मुलांना ही लस दरवर्षी द्यावी, आणि जुनाट आजाराच्या मुलांना त्या वयानंतरही देत राहावे, अशी शिफारस केलेली आहे. दरवर्षी का, तर हा विषाणू रूप पालटत राहतो. जागतिक आरोग्य संघटना वर्षातून दोनदा, फेब्रुवारीत आणि सप्टेंबरात, पुढच्या हंगामाच्या लशीत कोणते वाण घालावेत ते ठरविते, आणि त्यासाठी देशोदेशींच्या प्रयोगशाळा जी माहिती पुरवितात त्यांत पुण्याची राष्ट्रीय विषाणुविज्ञान संस्थाही आहे. काल केलेल्या संध्येने आजची संध्या भागत नाही, तसेच हे.

मग एवढे सगळे हाताशी असताना मूल लशीवाचून घरी का जाते? वॉर्डात उभे राहून पाहिले की कारण लक्षात येते. श्वासाच्या डॉक्टरांना वाटते की लस हा मुलाच्या नेहमीच्या डॉक्टरांचा प्रांत. नेहमीच्या डॉक्टरांना वाटते की मूल मोठ्या रुग्णालयात होते, तेथे विचारले असेलच. सिस्टरला लेखी हुकुमाशिवाय टोचता येत नाही. आईला वाटते, एवढे शिकलेले लोक आहेत, हवी असती तर त्यांनीच सांगितले नसते का? चौघांच्याही मनात सदिच्छा आहे, आणि चार सदिच्छांच्या मध्ये मूल मोकळेच राहते. सदिच्छा ही काम्य कर्माची प्रेरणा आहे. तिला थकवा येतो, तिला विस्मरण होते, गर्दीच्या दिवशी ती मागे पडते. धर्मशास्त्रकारांनी मनुष्यस्वभाव ओळखला होता, म्हणूनच जे चुकता कामा नये ते त्यांनी इच्छेच्या हवाली न करता विधीच्या हवाली केले.

अमेरिकेतल्या मुलांच्या अनेक रुग्णालयांनी आपल्या परीने हाच मार्ग धरला आहे. तेथे डॉक्टरांनी हंगामाच्या आरंभीच एक स्थायी हुकूम मंजूर करून ठेवावयाचा, आणि त्या हुकुमान्वये परिचारिकेने प्रत्येक दाखल मुलाची ठरीव प्रश्नांनी रुजुवात घेऊन, पूर्वी या लशीची गंभीर बाधा झाली आहे काय एवढे पाहून, पालकांची संमती मिळताच लस द्यावयाची. दर खेपेस नव्या सहीसाठी खोळंबायचे नाही. दाखल करतानाच्या नोंदवहीत लशीचा रकाना असतो, आणि तो कोरा असेल तर घरी सोडण्याच्या वेळी संगणक आठवण देतो. आपल्या साध्या रुग्णालयांत संगणक नसेल, पण केसपेपरवर एक शिक्का मारता येतो. ‘यंदाची इन्फ्लुएंझाची लस: दिली / नाही, कारण’ एवढा रकाना छापून घेण्याला काही मोठी मंजुरी लागत नाही. त्यातला ‘कारण’ हा शब्द मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो, कारण तो अकरणाला बोलायला लावतो. आज न देण्याला काहीच लिहावे लागत नाही. उद्या न देण्याखालीही सही करावी लागली, तर न देणे ही कृती आहे हे दप्तरालाच कळेल. आणि जेथे गरीबाला किंमत परवडत नाही, तेथे हा खर्च रुग्णालयाच्या धर्मादाय निधीतून व्हावा. जुनाट आजाराच्या मुलांपुरती तरी ही लस सरकारी रुग्णालयांत मोफत मिळावी, अशी तजवीज करणे राज्याला अशक्य नाही.

येथवर मी रुग्णालयाशी बोललो. आता खाटेपाशी बसलेल्या आजीशी बोलले पाहिजे, कारण खरी शंका तिचीच आहे. मी अनेक आज्यांच्या तोंडून ती ऐकली आहे. ‘आधीच इतक्या सुया टोचल्यात लेकराला, आता आणखी कशाला? सटवाईनं कपाळी लिहिलंय ते काय सुईनं पुसतंय का?’ या उद्गारात अज्ञान आहे असे समजून जो हसेल, त्याला त्यातले प्रेम दिसले नाही आणि त्यातले तत्त्वज्ञानही दिसले नाही. सुईने आलेला ताप माझ्या हातून आला असे होईल, साथीने आलेला देवाच्या इच्छेने. म्हणून पहिल्याची भीती दुसऱ्याहून मोठी, हा त्या बोलण्याचा गाभा आहे, आणि तो शिकल्यासवरलेल्यांच्याही मनात असतो. पण सटवाईच्या रात्री आपण काय करतो ते आठवावे. पाटावर कोरा कागद आणि लेखणी ठेवतो, ललाटरेषा लिहायची ती देवीने लिहावी म्हणून. आणि तिच्या हाती लेखणी देऊन आपण झोपी जातो का? नाही. दिवा विझू नये म्हणून तेल घालीत, बाळावरून नजर न काढता घरातल्या बायका रात्रभर जागतात. लिहिणारी देवी आणि जागणारी माणसे एकाच खोलीत असतात, आणि पिढ्यानपिढ्या कोणाला त्यात विरोध वाटला नाही. महाभारताच्या अनुशासनपर्वात दैव आणि पुरुषकार यांचा संबंध बीज आणि क्षेत्र यांच्या दृष्टान्ताने उलगडला आहे. बी कितीही उत्तम असो, नांगरलेल्या भुईवाचून ते व्यर्थ. लस हे आजीच्या त्या जागरणाचेच आजचे रूप आहे. तिने दंड एखादा दिवस दुखेल, क्वचित अंग कोमट होईल. त्या सुईत जिवंत विषाणू नसल्याने तिने इन्फ्लुएंझा होत नाही. एवढे आजीला नीट, बसून, तिच्या शब्दांत सांगितले पाहिजे.

आणि या मुलाच्या दंडावर आपण जी गोष्ट टोचतो, ती दुसऱ्या एका मुलाची देणगी आहे, हेही तिला सांगावे असे मला वाटते. १४ जून १८०२ रोजी मुंबईत ॲना डस्टहॉल नावाच्या तीन वर्षांच्या मुलीच्या हातावर देवीची लस टोचण्यात आली. बगदाद आणि बसरा या वाटेने, हातापासून हाताला आणि मग जहाजाने, ती लस येथवर आली होती, आणि हिंदुस्थानात ती प्रथम लागू पडली ती या मुलीला. तिच्या हातावर उठलेल्या फोडातले पाणी दुसऱ्या मुलांच्या हातांवर, त्यांचे आणखी पुढच्यांच्या हातांवर, असे करीत ते देशभर गेले. मराठीने या उपायाला जो शब्द दिला तो याची साक्ष आहे: लस म्हणजे जखमेतून पाझरणारे पाणी. आज प्रयोगशाळेतून आलेल्या स्वच्छ कुपीलाही आपण लसच म्हणतो, आणि त्या शब्दात एका लहान मुलीच्या हातावरचा फोड अजून ओला आहे. तिला कोणी विचारले नव्हते. तिने दिलेले मात्र सर्वांनी घेतले. शतपथ ब्राह्मणात देव, ऋषी आणि पितर यांच्या ऋणांबरोबर मनुष्यांचेही ऋण सांगितले आहे; त्या चौथ्या ऋणाची फेड जर कोठे करावयाची, तर ती ज्याला अजून विचारता येत नाही अशा पुढच्या मुलाच्या बाबतीत करावी.

मात्र विधी म्हणजे सक्ती असे कोणी समजू नये. पुण्याला त्याचा कडू अनुभव आहे. १८९७ च्या प्लेगात सरकारचा हेतू रोग हटविण्याचाच होता, परंतु शिपाई देवघरापर्यंत घुसले, माणसांना ओढून छावण्यांत नेले, आणि त्या अंमलबजावणीने लोकांच्या मनात औषधाविषयीच असा अविश्वास पेरला की रोगी लपविले जाऊ लागले. त्याच वर्षी १० जानेवारीला मुंबईत वाल्डेमार हाफकिन याने प्लेगची आपली लस आधी स्वतःच्या अंगात टोचून घेतली होती. एकाच वर्षातले हे दोन मार्ग: एक दुसऱ्याच्या घरात शिरणारा, एक स्वतःच्या अंगापासून आरंभ करणारा. रुग्णालयाने कोणता घ्यावा हे सांगायला नको. जी सिस्टर ‘मी पण घेतली आहे हो आजी, हे बघा, इथे’ असे म्हणून स्वतःचा दंड दाखविते, तिच्या हातची सुई मूल कमी रडत घेते. विनोबांनी १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात गीतेवर जी प्रवचने दिली, त्यांत त्यांनी विकर्म या शब्दाचा अर्थ बाह्य कर्माला मिळणारी आतल्या मनाची जोड असा लावला. ती जोड मिळाली की कर्माचे ओझे उतरते. स्थायी हुकूम हे कर्म झाले. मुलाच्या उशाशी ओणवे होऊन त्याच्या आजीला घातलेली हाक हे विकर्म. पहिले नसेल तर मुले सुटून जातात, आणि दुसरे नसेल तर विश्वास सुटून जातो.

या वर्षी मे महिन्यात पुतणीच्या मुलाला आम्ही आपण होऊन घेऊन गेलो. पहिली मात्रा झाली. चार आठवड्यांनी दुसरी. दुसऱ्या खेपेला दवाखान्यात रांग होती, बाहेर वळवाचे चार थेंब पडून गेले होते, आणि आमच्या पुढे एक बाई आपल्या हृदयविकाराच्या मुलीला कडेवर घेऊन उभी होती, दुसऱ्याच कामासाठी. सिस्टरने आमच्या पुस्तकात तारीख घातली, कुपीवरचा क्रमांक उतरवून घेतला, आणि मग त्या बाईकडे वळून विचारले, ‘ताई, हिला यंदाची फ्लूची लस दिलीय का?’ बाई म्हणाली, ‘नाही. ती घ्यायची असते का?’ सिस्टरने आपल्या बाजूचे स्टूल तिच्याकडे सरकवले आणि म्हणाली, ‘बसा, सांगते.’